उरलेलं ऑइल आणि आमची जुनी मोटारसायकल

रविवारी सकाळी जयनगरातल्या आमच्या रस्त्यावर गुलाबी फुलांचा सडा पडला होता, आणि त्यावरून आमची जुनी मोटारसायकल निघाली. पुढे हे, मागे मी... गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यांनी पहिल्यांदाच गाडी बाहेर काढली होती.

हवेत विरळ धुकं होतं, कुठल्यातरी घरातून कॉफीचा वास येत होता. मी डोळे मिटून घेतले. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा याच सीटवर बसून मी बेंगळुरू पाहिलं... तळी, झाडं, न वाचता येणाऱ्या पाट्या, सगळं झोपेत सरकावं तसं मागे जायचं.

उड्डाणपुलाच्या चढावर मात्र जाग आली. इंजिन मोठमोठ्यानं ओरडायला लागलं, पण गाडी काही पुढे जाईना. एक सायकलवाला आम्हाला सहज मागे टाकून गेला... वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं!

कसेबसे घरी आलो. हेल्मेट काढत हे म्हणाले, "संपला हिचा दम. माझाही. संध्याकाळी मंजुनाथला बोलावतो, घेऊन जाऊ दे." मंजुनाथ म्हणजे बोम्मसंद्राच्या कारखान्यातले यांचे जुने सहकारी. या गाडीवर त्यांचा कधीपासून डोळा.

गाडी गेली असती तर गेली असती हो... पण 'माझाही' हा शब्द मला झोंबला. जुनं झालं की काढून टाका, या वृत्तीवर मी आयुष्यभर सभांमधून तुटून पडत आलेय. घरात गप्प बसेन? मी सुरुवात केली, तर हे म्हणाले, "बाईसाहेब, भाषण नको. भाषणानं गाडी चढ चढत नाही."

तेवढ्यात इथल्याच एचएसआर लेआउट भागातून पुतण्या आला, अनिकेत. पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेला, फार जीव लावणारा मुलगा. यांच्या आजारपणात गाडी त्यानंच सांभाळली होती.

"काका, कशी चालली? परवा ऑइल बदललं मी. माझ्या कारच्या सर्व्हिसिंगमधलं उरलं होतं ना, तेच घातलं. फुल्ली सिंथेटिक, एकदम टॉप!"

हे खुर्चीतून सावकाश उठले. "कारचं?"

"हो... एवढं महागाचं, वाया कशाला घालवायचं?"

आणि हे जे हसत सुटले! कित्येक महिन्यांत असं हसू ऐकलं नव्हतं.

"अरे शहाण्या, तुझ्या कारचा क्लच कोरडा असतो. हिचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला. कारच्या तेलानं त्याची पकड सुटली. इंजिन ठणठणीत आहे रे, त्याचा जोर चाकापर्यंत पोचत नाहीये!"

दुपारी काका-पुतण्यांनी अंगणात ते तेल काढून टाकलं आणि मोटारसायकलचं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणून भरलं. उन्हात ती मधाच्या रंगाची धार खाली उतरत होती आणि मी पायरीवर बसून नुसती बघत होते... किती वेळ, कुणास ठाऊक. नशीब, क्लच प्लेट्स जळल्या नव्हत्या.

संध्याकाळी पुन्हा तोच पूल. सुरुवातीला क्लच जरासा घसरला, मग त्यानं पकड घेतली आणि गाडी गुरगुरत, न ओरडता चढून गेली. पूल उतरल्यावर यांनी बाजूला थांबून मंजुनाथना फोन लावला. "गाडी कोडल्ला अण्णा, नाही देत!" पलीकडून मोठ्ठं हसू आणि कानडीतलं "सरी, सरी", म्हणजे 'बरं, बरं', ऐकू आलं.

सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं, ही आपल्या काळाची अंधश्रद्धा आहे, आणि हे मी कुठल्याही व्यासपीठावर ठणकावून सांगेन. ज्याला जे मानवतं, तेच त्याच्यासाठी उत्तम. प्रेमानं देतानासुद्धा एवढं विचारून घ्यावं.

पण त्या संध्याकाळी मी हे काही बोलले नाही. फोन खिशात ठेवून यांनी विचारलं, "अजून थोडं पुढे जाऊ या?" आणि मी यांच्या खांद्यावर हात ठेवला... दिवे लागत होते, रस्ता मोकळा होता. हा प्रश्न पुन्हा ऐकायला मिळाला, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.