बाबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

"थोडं अजून वाका ना, काका."

नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमधलं ऑफिस. सिनेमाची तालीम चालली होती. खोलीच्या मधोमध माझे बाबा उभे. केंद्र सरकारच्या एका खात्यात पस्तीस वर्षं शिपाई होते, आता निवृत्त. हातात ट्रे, ट्रेमध्ये चार कप. समोर खुर्चीत रेवाताई, सिनेमाची दिग्दर्शिका. तिच्या बाजूला सिनेमात बाबांचं काम करणारा नट, मोबाइलवर बाबांना शूट करत होता. शिपाई साहेबाच्या केबिनमध्ये कसा शिरतो ते त्याला शिकायचं होतं, म्हणून रेवाताईने बाबांना बोलावून घेतलं होतं.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आदल्या दिवशी करोल बागेतून आणलेला. ते सरळ चालत आले, कप टेबलावर ठेवले, मागे झाले. रेवाताईने मान हलवली. हे काही बरोबर वाटत नाही, म्हणाली.

बाबा म्हणाले, "मॅडम, हातात ट्रे असला की वाकता येत नाही. चहा सांडतो."

सगळे हसले. एकजण म्हणाला, "सो क्यूट, यार." रेवाताईही हसली आणि म्हणाली, "काका, पडद्यावर कळायला हवं ना, तुम्ही कोण आहात ते. वाका की."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात पटकथेचे कागद घेऊन उभी होते. पहिल्याच सिनेमात लेखिका म्हणून माझं नाव येणार होतं. मी हो म्हणून मान हलवली. बाबा वाकले. नटाने तीन वेळा करून घेतलं. कप रिकामे होते, म्हणून काही सांडलं नाही.

रेवाताई मूळची पुण्याची. नोएडाच्या त्या ऑफिसात मी इतरांच्या सिनेमांच्या सबटायटल्स करायचे. सहा वर्षं तेच. एके दिवशी लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते, तर मागून आवाज आला, "अगं, मराठी का तू?" बस. आम्हा दिल्लीतल्या मराठी माणसांची ही जुनी खोड आहे. दिवसभर हिंदीत जगतो, आणि कोणी 'अगं' म्हणालं की विरघळतो. लगेच घरचं माणूस. मी तिला ताई म्हणायला लागले. ती माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी खायची. तिने माझं आडनाव विचारलं तेव्हा क्षणभर थांबली, मग म्हणाली, "अच्छा. छान." ते थांबणं मी बघितलं होतं. तरी विरघळले.

तिला मी सगळं सांगितलं. आर. के. पुरमचं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. ऑफिसात रद्दीत निघालेले, एका बाजूला छापलेले कागद बाबा विचारून घरी आणायचे आणि कोऱ्या बाजूवर मी गोष्टी लिहायचे. वरच्या बाजूला सरकारी आदेश, खालच्या बाजूला माझ्या राजकन्या. आणि बारावीनंतरची ती दुपार सांगितली. मला लेखनाचा कोर्स करायचा होता. बाबा माझ्या पास झाल्याचे पेढे घेऊन त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांकडे गेले, मलाही नेलं. साहेबांनी पेढा घेतला, टेबलावर ठेवला. खाल्ला नाही. म्हणाले, "औकात देखके सपना देखो, भाई. लिख-विख के क्या करेगी? कहीं डेटा एंट्री में लगवा दो."

बाबा "जी" म्हणाले. बाहेर आलो. जिन्यात मला म्हणाले, "फॉर्म कुठे मिळतो तुझा? चल, आजच आणू." त्याच पावली आम्ही बसने गेलो. तो फॉर्म बाबांनी भरला, स्वतःच्या अक्षरात.

हे ऐकून रेवाताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ही फिल्म आहे," ती म्हणाली. "स्वप्न विरुद्ध वास्तव. तू लिही. आपण करू." त्या दिवशी मी मेट्रोत हरखून बसले होते. आपलं स्टेशन मागे गेलं तेही कळलं नाही.

मी लिहिलं. आठ महिने. मग माझं लिहिलेलं 'पॉलिश' व्हायला लागलं.

आधी कला विभागाची माणसं आमच्या घराचे फोटो काढून गेली. आता आम्ही उत्तम नगरला राहतो, पण सामान तेच. सेटवर त्यांनी सगळं हुबेहूब केलं. स्टीलची मांडणी, तिच्यावरचा पितळी तांब्या, शिलाई मशीनवरचा क्रोशाचा रुमाल. भिंतीवर फक्त एक फरक. आमच्याकडे निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो आहे, तिथे देवाचं कॅलेंडर लावलं होतं. मी विचारलं. रेवाताई म्हणाली, "विषय दुसरीकडे जातो गं. आपल्याला युनिव्हर्सल ठेवायचंय." विषय दुसरीकडे जातो म्हणजे आमच्या घरात जातो. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग शेवटचा मसुदा मोबाइलवर आला. त्यात साहेब चांगला झाला होता. साहेब मुलीला पेन देत होता. आणि साहेबाचं वाक्य बाबांच्या तोंडी गेलं होतं. जवळपास शब्दन् शब्द तेच. "औकात देखके सपना देख." बाबा तिचे कागद कबाडीवाल्याला देत होते.

मी फोन केला. रेवाताई शांतपणे म्हणाली, "अगं, साहेब कोणाला ओळखीचा नसतो. बाप सगळ्यांना असतो. अडवणारा बाप लोकांना लगेच कळतो. आणि हे फायनल नाही, एडिटमध्ये बघू." एडिटमध्ये बघू. मी ते धरून बसले. खरं तर मला धरून बसायचंच होतं. नाव येणार होतं ना.

इतकी वर्षं मी सबटायटल्स केल्या, शेकडो सिनेमे पाहिले. प्रत्येकात पोरगा किंवा पोरगी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला दारात बाप. वास्तवाला नेहमी बापाचाच चेहरा. गरीब बाप असला तर आणखी बरं, त्याला ओरडायला लावता येतं. दार खरं जो बंद करतो, त्या माणसाला कोणी पडद्यावर आणत नाही. तो तिकीट काढून समोर बसलेला असतो.

एडिटमध्ये कोणी काही बघितलं नाही. खासगी खेळ ठेवला होता, सव्वाशे लोक. आई बाबांना म्हणाली, चला, पोरीचा सिनेमा. बाबा तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी. पडद्यावर ते वाक्य आलं. आमच्याच मांडणीसमोर उभा राहून बाबांसारखा दिसणारा माणूस ओरडला. मागे कोणीतरी "शिट, यार" म्हणून हळहळलं. शेवटी साहेब टाळ्या वाजवतो आणि बाप खाली मान घालून उभा राहतो. लोक उठून उभे राहिले. बाबांनीही टाळ्या वाजवल्या.

परतताना मेट्रोने निघालो. राजीव चौकला गाडी बदलली. मग बाबा म्हणाले, "मी असं कधी बोललो होतो का गं तुला? मला आठवत नाही. बोललो असेन तर…"

माझ्या बापाला स्वतःच्या आयुष्यावर शंका यायला लागली होती. आणि ती शंका माझ्या नावाखाली छापून आली होती. "नाही, बाबा. ते साहेब बोलले होते," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. पण त्यांना पटलं नव्हतं. सव्वाशे लोकांनी पाहिलेलं खोटं कसं असेल.

चार दिवसांनी मार्केटिंगकडून मेसेज, मला आणि बाबांनाही. प्रचारासाठी बापलेकीचा व्हिडिओ करायचा. काकांनी एवढंच म्हणायचं, मैं अपनी बेटी के सपने के बीच आया, मेरी गलती थी, आप ऐसा मत करना. संध्याकाळी घरी आले तर बाबा गच्चीवर फेऱ्या मारत होते. हातात चिठोरं. आईकडून लिहून घेतलेलं. "मेरी गलती थी, मेरी गलती थी." पाठ करत होते. मला म्हणाले, "हिंदी बिल्कुल ठीक येतंय ना माझं? तुझं काम अडायला नको."

मी त्यांच्या हातातून कागद घेतला. तिथेच गच्चीवरून रेवाताईला फोन लावला.

"बाबा येणार नाहीत. मीही येणार नाही. एकतर ते वाक्य साहेबाच्या तोंडी परत घाला, नाहीतर माझं नाव काढा."

ती म्हणाली, "इतकी बिटर नको होऊस. मी तुला सबटायटलमधून काढून इथे आणलं. तुमच्यात ना, थोडं कोणी वर घेतलं की हे असं होतं."

तुमच्यात. इतके महिने 'आपण' होतं. शेवटी निघालं तोंडातून.

"आमच्यातलं कोणी नाही म्हणत नाही, म्हणून तर तुम्हाला सवय नाही," मी म्हणाले. "नाव काढा." फोन ठेवला. राग आला होता. तिचा आणि स्वतःचाही.

नाव निघालं. आठवड्यात सबटायटलचं कामही गेलं. सिनेमा चालला. लोक लिहितात, रडलो, बापाला फोन केला. करोत.

मी बाबांना सगळं सांगितलं, मसुद्यापासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तो मसुदा तू आधी वाचला होतास?"

"वाचला होता."

ते उठून आत गेले. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मला माफ केलं का, माहीत नाही. मी विचारणारही नाही. विचारलं तर ते हो म्हणतील, आणि ते फुकटचं हो मला नको आहे.

आता मी हे सगळं घडलं तसं लिहून काढते आहे. कोण काय बोललं, कोणत्या खोलीत, कोणाच्या देखत. साहेबाचं पद, साहेबाचा मजला. माझं गप्प बसणं सुद्धा, त्याच्या तारखांसकट. लिहिलेलं प्रत्येक पान आधी बाबा वाचतात. ते चूक म्हणाले की मी खोडते. दोन जणांनी विचारलं, यावर फिल्म करू या का, थोडं सॉफ्ट करून. मी नाही म्हणाले. तिसरा येईल, त्यालाही नाहीच म्हणेन.