दाजींनी ऐकवलेली कॅसेट

नाशिकला गाणाऱ्यांची कधीच वाण नव्हती, पण दुसऱ्याचं गाणं लोकांना बळजबरीनं ऐकवणारा माणूस आमच्या दाजींसारखा पुन्हा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. स्वतःला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. आरतीच्या वेळी ताई त्यांच्या हातातले टाळ हळूच काढून घ्यायची, कारण दाजींनी ठेका धरला की आख्खी आरती लंगडायला लागे. पण एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. जिलबी आवडली तर ती शेजाऱ्याच्या तोंडात कोंबायची, तो चावत असताना त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचं, "कशी आहे?" असं विचारायचं, आणि त्या बिचाऱ्यानं घास गिळायच्या आत आपणच म्हणायचं, "आहे ना?"

ऐंशीच्या दशकात त्यांच्या कारखान्यातल्या चार तरुणांनी मिळून एक बँड काढला होता. तेव्हाचे ऑर्केस्ट्रा सिनेमाची गाणी वाजवत; यांचं खूळ वेगळं. गाणी स्वतः लिहायची, चाली स्वतः लावायच्या आणि सुट्टीच्या दिवशी दाजींच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तालीम करायची. बँडचं नाव 'सेकंड शिफ्ट'. म्होरक्या सुधीर, नांदगावचा, लेथवर काम करणारा. इतका लाजाळू की गाताना डोळे मिटून घ्यायचा आणि गाणं संपल्यावर उघडायला विसरायचा. त्यांची पहिली कॅसेट बरी चालली, कारण तिच्यात ठेका होता. दोनचार वरातींत तिच्यावर लोक नाचलेही. दुसऱ्या कॅसेटमध्ये मात्र ते मनातलं गायले. कामावरून सुटल्यावर सायकल हातात धरून उगाच पायी चालणारा माणूस, खोलीवर एकट्यापुरता शिजवलेला भात, गावाकडे न गेलेली दिवाळी. ठेका गेला, त्याबरोबर गिऱ्हाईकही गेलं. सुधीरचे वडील त्याला नांदगावच्या किराणा दुकानात बसायला बोलावत होतेच. एके दिवशी गिटार खोळीत घालत तो म्हणाला, "दाजी, लोकांना नाही आवडलं. बंद करू या."

"कोणत्या लोकांना?" दाजी म्हणाले. "थांब, मी विचारून येतो."

आणि ते खरोखरच निघाले. टेपरेकॉर्डर ताईच्या जुन्या शालीत गुंडाळून मोपेडवर पुढ्यात ठेवायचा आणि माणूस दिसेल तिथे उभं राहायचं. केशकर्तनालयात ज्याच्या अर्ध्या गालावर साबण आहे असा माणूस त्यांना फार आवडे. तो उठून जाऊ शकत नसे. भाजीबाजारात मखमलाबादहून झेंडू घेऊन येणाऱ्या मावशींच्या टोपल्यांमध्ये त्यांनी टेप ठेवला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "दादा, पोरगं लय दुःखात हाय. त्याचं लग्न लावून द्या." कॉलनीतल्या बुद्धविहारात गाणी बसवणारे एक शिक्षक होते. त्यांनी चष्मा काढून संपूर्ण कॅसेट ऐकली आणि सांगितलं, "गाण्यात काय म्हणायचंय ते समोरच्याला कळलं पाहिजे. इथे शब्द ड्रमखाली चेंगरलेत." देवळ्याला दाजींचे मामा कांद्याच्या चाळीत काम करत होते. त्यांनी दोन मिनिटं कान दिला आणि विचारलं, "भाचा, हाई गानं शे का पंपनी मोटर बिघडेल शे?" आमची ताई तर एकच म्हणाली, "अहो, तो जेवलाय का?"

ही सगळी मतं दाजी इमानेइतबारे शेडमध्ये नेऊन पोचवत. फक्त वाटेत त्यांची थोडी मशागत होई. मी स्वतः ऐकलंय. "मावशींचे डोळे भरून आले. सरांनी ड्रमचा खास उल्लेख केला. आणि मामा, अरे, तो शेतकरी माणूस, त्यांना तुझ्या गाण्यात विहिरीवरचं पाणी ऐकू आलं!" सुधीर मान खाली घालून ऐकायचा. त्याचे कान लाल व्हायचे. पुढच्या आठवड्यात गिटार पुन्हा खोळीबाहेर यायची. मग दाजींना नवी मतं आणावी लागत, आणि त्यासाठी त्याच लोकांना तीच कॅसेट पुन्हा ऐकवावी लागे. मोपेडचा आवाज आला की शेजारचे पाटील संडासात जाऊन बसायचे. दाजी दाराबाहेर टेप ठेवायचे.

या कौतुकानं व्हायचं तेच झालं. पोरांना धीर आला आणि त्यांनी एका शाळेचं सभागृह ठरवून टाकलं. दाजी संध्याकाळी नाशिकरोडला माझ्याकडे आले, ते चहाला नाही म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"मेव्हणे, हॉल रिकामा राहिला तर तो पोरगा जन्मात गिटार हातात धरायचा नाही."

"मग खरं सांगून टाका त्याला."

"काय सांगू? मोटर बिघडलीय म्हणून?"

पुढचे काही दिवस ते पुन्हा दारोदार फिरले, पण या वेळी टेप न घेता. हात जोडायचे आणि म्हणायचे, "एकदा येऊन बसा. नाही आवडलं तर माझं तोंड बघू नका." लोक आले. गाण्यासाठी नाही, दाजींचं तोंड पुन्हा बघावं लागणार नाही म्हणूनही नाही. हा माणूस कधी हात जोडत नाही, म्हणून आले. मामासुद्धा देवळ्याहून एसटीनं आले. पहिलं गाणं कोरडंच गेलं. दुसरं सुरू झालं आणि मध्येच सुधीर थांबला. नेहमी मिटलेले डोळे त्या दिवशी त्यानं उघडले होते, समोर एवढी माणसं पाहिली आणि शब्द विसरला. माझ्याशेजारी दाजींनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून विहारातल्या सरांनी खणखणीत आवाजात पुढची ओळ सांगितली. मागून पाटलांनी त्यापुढची म्हटली. झेंडूच्या मावशी गायला लागल्या, न्हावी गायला लागला. सगळ्या सभागृहाला सगळं पाठ होतं! बिचाऱ्यांचा इलाजच नव्हता. सुधीर आधी बावरला, मग हसला आणि गिटार वाजवत त्यांच्यामागून गाऊ लागला.

कार्यक्रमानंतर मामा स्टेजपाशी गेले आणि सुधीरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पहिलांदा माले मोटरच वाटनी. आते गोड लागस." सुधीरनं वळून दाजींकडे पाहिलं.

"दाजी, तुम्ही तर पाणी म्हणाला होता."

दाजी मांडीवरच्या ताईच्या शालीच्या दशा सोडवत बसले होते. "खोटं कुठे बोललो? त्यांना पुढे जे वाटणार होतं ते मी जरा आधी सांगितलं."

बँड त्यानंतर दोनेक वर्षं टिकला. मग सुधीर नांदगावला गेलाच, एकजण आखातात गेला, बाकीचे संसाराला लागले. दाजींनी कुरकुर केली नाही. शेडमध्ये ताईनं जळण भरलं.

दाजी गेले, तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांतले कितीतरी जण मी कधी पाहिलेही नव्हते, पण ते मला ओळखत होते. एक वृद्ध गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्हीच ना मेव्हणे? दाजी नेहमी सांगायचे, बहिणीवर फार जीव. काही होवो, दर रविवारी येतात म्हणजे येतात."

मी ताईकडे पाहिलं. खरं तर मी फक्त सणावाराला जात असे, तेही घाईत.

आता मी दर रविवारी जातो. ताई दार उघडते, "आलास?" म्हणते आणि चहा ठेवायला आत वळते.