आठ फोटो आणि एकच टिळा

गुरुदत्त कानिटकर कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणजे नाही. तो न्यूझीलंडमधल्या ‘ते रापा’ या ठिकाणी दुधाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा आणि हॉटेलात चहा गार आला तरी तसाच पिऊन ‘थँक यू’ म्हणायचा. असल्या भल्या माणसाला २००८च्या गणपतीत पोलिसांनी धरलं.

आरती उरकून तो कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला होता. तासाभरापूर्वी तिथंच एका म्हाताऱ्या बाईची पर्स कुणीतरी हिसकावली होती. “इंडियन, मिशीवाला,” एवढंच तिनं सांगितलं होतं.

ठाण्यात अधिकाऱ्यानं नीट समजावलं: वकिलाशी बोलायचा हक्क आहे, ही यादी, फोन फुकट. “नो नो, स्वीट ॲज,” गुरुदत्त तिथल्या बोलीत म्हणाला, म्हणजे काही गरज नाही, सगळं ठीक आहे. रविवारी कुणाला कशाला त्रास? शिवाय वकील मागितला की आपणच चोर ठरतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग त्याचा फोटो काढला. उद्या तो आणखी सात जणांच्या फोटोंत मिसळून बाईला दाखवणार होते. तिनं बोट ठेवलं, की नोकरी आणि अब्रू दोन्हींवर पाणी.

त्यानं घरी फोन केला, तेव्हा बायको कडाडली. “अहो, पोलिसांपुढेसुद्धा कसला संकोच? आधी वकील मागा!” वनिताला नाही म्हणायची त्याची बिशाद नव्हती. त्यानं घसा खाकरून वकील मागितला.

वकीलबाई आली. तिनं आठही फोटो मांडले आणि कपाळावर हात मारला. आठ मिशा, आठ सावळे चेहरे, पण लाल टिळा एकट्या गुरुदत्तला!

“हा पुसला का नाहीत?”

“देवाचा टिळा कसा पुसणार?”

मग तिनं पोलिसांशी हुज्जत घालून आठही कपाळांवर सारखीच काळी पट्टी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईसमोरच म्हातारीनं सहा नंबरवर बोट ठेवलं. “हाच! हा चेहरा मी विसरणं शक्य नाही.” गुरुदत्त तीन नंबरला होता.

तो सुटला. बाहेर वनिताचा हात धरून तो चक्क रडला. मग डोळे पुसत वकीलबाईला म्हणाला, “त्या सहा नंबरवाल्याचं आता काय?”

“काही नाही. तो दूर ख्राइस्टचर्चचा पोलीस आहे, फोटो नुसता संख्या भरायला घेतलेला. त्या संध्याकाळी तिकडेच ड्युटीवर होता,” ती हसत म्हणाली.

गुरुदत्तला हसू आलं नाही. म्हातारी खोटं बोलत नव्हती, आणि तेच त्याला भयंकर वाटलं.

पुढच्या शनिवारी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यानं जन्मात पहिल्यांदा माइक मागितला. “दोन मिनिटं त्रास देतो,” तो म्हणाला. “मी वकील मागायला लाजलो होतो, ते ऐकून घ्या.”