खानदानी ड्यूकचे कान

आमच्या घरातला सगळ्यात उच्च कुळातला प्राणी म्हणजे ड्यूक. मी त्याच्या पुष्कळ खाली.

माझा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याने आपला डाल्मेशियन कुत्रा मला देऊन टाकला. पांढराशुभ्र, अंगभर काळे ठिपके! "अस्सल खानदान, बाहेरचं रक्त कधी शिरू दिलेलं नाही," असं साहेबाने बजावलं होतं. मी ते वाक्य सबंध पार्ल्यात मिरवलं.

पण हे खानदान हाक मारली तर ढिम्म हलेना. माझ्या बायकोने, कुमुदने, बोलावलं की हा भिंतीकडे बघणार.

"अगं, त्याला इंग्रजीच कळणार," मी म्हणालो.

झालं. कुमुद पोळ्या लाटता लाटता हाका मारू लागली, "ड्यूक, कम हिअर रे!" तरी तो येईना.

"शिष्ट आहे मेला. एवढा तोरा असेल तर देऊन टाका कुणाला तरी," ती म्हणाली.

एका संध्याकाळी कुमुद आणि मी भाजी घेऊन परतताना माझ्या हातून साखळी निसटली आणि ड्यूक रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. मागून विटांची लॉरी आली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि हा निवांत पंजा चाटतोय! "ड्यूक, स्टँड अप, प्लीज!" मी किंचाळलो. (एवढ्या घाबरगुंडीतही माझा शिष्टाचार सुटला नाही.) कुमुदने पिशवी टाकली, पदर खोचला आणि त्याला पट्ट्याला धरून खेचलं. लॉरी आमच्या वांग्यांवरून गेली. कुमुद तिथेच बसून रडायला लागली.

तसेच जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ड्यूकच्या मागे उभं राहून पितळी ताट बडवलं. ड्यूकचा कानसुद्धा हलला नाही.

"जन्माचा बहिरा आहे. या जातीत असतं हे," डॉक्टर म्हणाले. "त्यातून खानदान राखायला घरातल्या घरातच जोड्या लावतात, मग पिल्लांत हे दोष उतरतात. आज ना उद्या गाडीखाली जाईल. सुई देऊन मोकळं करू त्याला?"

कुमुदने ड्यूकला पोटाशी धरलं.

"यांच्या वडिलांनीसुद्धा मामाचीच मुलगी केली," ती म्हणाली. "यांना चार हाका मारल्या तरी एक ऐकू येत नाही. म्हणून मी यांना सुई दिली का?"

डॉक्टरांनी सुई ठेवून दिली आणि ताट घेऊन ते माझ्या मागे आले. माझे कान ठणठणीत निघाले.

ड्यूक पुढे आमच्याकडे सुखाने म्हातारा झाला. घरात न ऐकण्याची मुभा मात्र त्या दिवसापासून त्याला एकट्यालाच राहिली.