आखाजीचं ताट

आमचं घर म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यातली एक खोली. यावलच्या बाजूला, केळीच्या बागेच्या कडेला, गोठ्याला लागून. मधली भिंत एकच. अलीकडे आम्ही, पलीकडे बैल. बैलानं भिंतीला अंग घासलं की आमच्या फळीवरची भांडी वाजायची. वडील तिथे सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाचा गडी. आखाजीला, अक्षय तृतीयेला, साल बांधायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस मालकाचा. वीज येईल तेव्हा उठून बागेला पाणी भरायचं, मग ती वीज कधीही येवो. ताप आला तरी साल चालूच.

आई सालात नव्हती, पण गोठ्याचं शेण, मालकांच्या घरची भांडी आणि केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापणं हे सगळं तिच्याच अंगावर. गडी ठेवला की त्याची बायको आलीच, असं धरलेलं होतं. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा पडतो आणि साबणानं जात नाही. आईची सगळी लुगडी तशी होती. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायची, म्हणून माझेही कपडे तसेच.

मालकांना सगळे नाना म्हणत. ते दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात न्यायला त्यांनीच गाडी जुंपायला सांगितलं होतं. पण त्यांनी दिलेलं काहीही कधी आमचं होत नसे. खोलीसुद्धा नाही.

साल बांधायला कागद लागत नसे. आखाजीच्या दुपारी नानांच्या ओट्यावर सालदाराला ताट वाढत. खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे, आमरस, कुरडई. त्यातला पहिला घास घेतला की साल बांधलं गेलं. नंतर शब्द फिरवणाऱ्याला आजूबाजूच्या गावांत कोणी दारात उभं करत नसे. नानांचे सोयरे आत जेवायचे, आमचं ताट ओट्यावर. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे.

मी बारावीची परीक्षा दिली त्या वर्षी आईची कंबर गेली. वाकता येईना. आखाजी आठवड्यावर आली तेव्हा नानांचा निरोप आला की बाईकडून होत नसेल तर तिच्या जागी पोरगी धरू. बारावी झालीच आहे, आता बसून काय करणार? त्यांच्या दृष्टीनं ही अडचणीतून काढलेली वाट होती, आणि आईलाही ती तशीच वाटली. ती म्हणाली, एक वर्ष काढू, पुढच्या वर्षी घालू तिला कॉलेजात. माझ्या चुलत बहिणीलाही असंच एक वर्ष म्हणून बागेत घातलं होतं. ती बागेतून निघाली ती थेट लग्नाच्या मांडवात. आईला हे मी बोलून दाखवलं. तिनं चुलीत लाकूड सारलं. वडील बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

आता गंमत बघा. त्याआधीच्याच थंडीत शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ‘शौर्य’ या विषयावर बोलले होते आणि पहिली आले होते. तलवारी, घोडे, गडावरचे कडे, सगळं पाठ होतं. शेवटी मूठ वर करायची हेही शिकवलेलं होतं. बक्षीस द्यायला नानाच पाहुणे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मंडपाला सांगितलं होतं, ही आमच्या मळ्यातली वाघीण. टाळ्या पडल्या होत्या. शूर असणं म्हणजे काय हे मला तेव्हा अगदी नीट माहीत होतं.

आखाजीचा दिवस उजाडला. गावातल्या माहेरवाशिणी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या, ती बागेपर्यंत ऐकू येत होती. वडिलांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि ते निघाले. आई कंबरेवर हात धरून मागे, तिच्या मागे मी. आम्ही दोघी ओट्यासमोरच्या लिंबाखाली थांबलो. आमची जागा तिथेच असे.

ताट वाढलेलं होतं. नाना खाटेवर, शेजारी दोन बागायतदार, दोघांची जेवणं झालेली. आत नवा टीव्ही चालू होता. वडील ताटासमोर मांडी घालून बसले, आणि बसूनच राहिले. हात मांडीवर.

पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग नाना म्हणाले, “जेव ना रे. कोनाची वाट पाहून राह्यला?”

“नाना, आधी बोलनं होऊ द्या. मंग जेवन.”

“आता काय बोलनं? ताटावर बसला ना तू.”

वडिलांनी खाली पाहिलं. मांड्यावरचं तूप पसरत होतं, रसाच्या वाटीवर माशी येऊन बसली. ती त्यांनी हाकलली नाही. हाकलायला हात ताटाकडे न्यावा लागला असता, आणि मला वाटतं, त्यांना आपल्या हाताची खात्री नव्हती. मला तो हात दिसत होता. त्यांनी तो मांडीवर दाबून धरला होता. त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता आणि तो उन्हाचा नव्हता. माझा बाप घाबरलेला होता, चांगलाच घाबरलेला.

आई शेजारी पुटपुटत होती, खा, खा ना, खाऊन घ्या.

“साल माझं धरा,” वडील म्हणाले. “पोरीचं नही.”

ओट्यावर हसू फुटलं. एक बागायतदार म्हणाला, “वाघीन आहे ना ती? वाघीन कुठी केळीत कामाले जाते का?” दुसऱ्यानं विचारलं, पोरगी कलेक्टर होणार आहे का तुझी? नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी कोणाला तरी हाक मारून आतला टीव्ही बंद करायला लावला. तो बंद झाल्यावर मला जास्त भीती वाटली.

“गडी-बाईच्या जोडीशिवाय मले परवडत नही,” ते शांतपणे म्हणाले. “तुले माहीत आहे. खोली जोडीची आहे. विचार कर आन् घास घे.”

यात धमकी कुठेच नव्हती. सरळ हिशेब होता. घास घेतला तर खोली, काम, गावात तोंड. नाही घेतला तर काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांनाही नाही. यावल सोडून ते कुठे राहिलेले नव्हते.

ते उठले. उठताना त्यांनी ओट्याचा खांब धरला. मग नानांना हात जोडले आणि म्हणाले, “पोरगी कलेक्टर होईन का नही, मले नही माहीत. बागेत नही येनार.”

एवढंच. मूठ वर केली नाही, आवाज चढवला नाही. ताट जसंच्या तसं मागे राहिलं. सणाच्या दिवशी वाढलेल्या ताटावरून उठणं हा आमच्याकडे केवढा अपमान असतो, ते मी बाहेरच्या माणसाला सांगू शकत नाही. ओट्यावरून उतरताना त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

वाटेत आई त्यांना नाही नाही ते बोलली. तुमच्या मर्दपणावर चूल पेटणार का, असं तिनं विचारलं. वडील पुढे चालत राहिले. विहिरीपाशी ते एकदम खाली बसले, आणि त्यांना उलटी झाली. आईनं बोलणं थांबवलं, पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

पुढे कॉलेजात मी इतिहास घेतला. लढाया वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत राहिली. पुस्तकातला शूर माणूस आधीच जिंकलेला असतो, नाहीतर अमर तरी झालेला असतो. लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, वाचणाऱ्यालाही. त्यामुळे त्याच्या पोटातला गोळा कोणी लिहीत नाही. प्रत्यक्ष त्या दुपारी त्याला काहीच माहीत नसणार. त्यालाही घाम फुटला असणार, त्याच्याही बायकोनं घास घ्या म्हटलं असणार. न घाबरणारा माणूस शूर, असं मी भाषणात म्हटलं होतं. ते चूक होतं, आणि ते चूक आहे हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही.

आम्ही खोली सोडली. भुसावळला रुळांपलीकडच्या वस्तीत पत्र्याची खोली मिळाली. वडील मालधक्क्यावर वॅगनमध्ये केळीचे घड भरू लागले. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. काम मिळेल त्या दिवशी मिळे, आई दिवसचे दिवस बोलत नसे, आणि मी कॉलेजात जाताना रोज वाटे की आज वडील म्हणतील, बस झालं. ते म्हणाले नाहीत. नाना एकदा स्टेशनवर भेटले, तेव्हा वडिलांनी आधी रामराम घातला आणि मग पाठीवर घड घेतला.

तीन वर्षांनी मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. नंतर धुळ्याला बी.एड. केलं आणि तिथल्याच एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले.