बेडकाची लव

नागनाथ गेल्याची बातमी गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून आली, तेव्हा मी त्याची तामचिनीची पांढरी ताटली मोरीत ओतायला निघाले होते. ताटलीत बेडकाची अंडी. लिंगपूजेच्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. आदल्या दिवशी या धाकट्या भावाला बळेच मोटारीत बसवलं, तर खोकत खोकत निरोप काय, "अक्का, अंडी ओतू नको. उद्या फिरतील."

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तशी शाळेतली उर्दू गेली, मराठी आली. पुस्तकं मात्र आली नाहीत. विज्ञान शिकवणारा हा मास्तर शब्दांच्या मागे लागला. म्हणे, अंड्यातल्या पिलाला ना हात, ना पाय, तरी ते आतल्या आत गोल फिरतं, कारण त्याच्या कातडीवरचे नजरेला न दिसणारे बारीक तंतू सारखे हलत असतात. त्यांना मराठीत काय म्हणायचं? मी वैतागून म्हटलं, "लव म्हण. कोवळ्या भेंडीवर असती तसली." त्यानं वर्गात तेच सांगितलं आणि आमच्या मैलूर गावभर झालं, मास्तरांच्या बेडकाला केस फुटले. डाळीचे एक टकले अडते दारात हजर. "मास्तर, त्या बेडकाचं तेल थोडं द्या की." हसून वाटेला लावावं ना? यानं त्यांच्या हाती भिंग दिलं. सबंध दुपार दोघं ताटलीवर वाकलेले, आणि चहा करायला मी.

मला मात्र कधी काही दिसलं नाही. बघायची आणि उठायची.

"अक्का, जरा थांब की. फिरायलंय बग."

"तुझी छाती घरघरायलीय, ती बघ आधी. दवाखान्याला कामून जाईनास?"

"एवढी अंडी फुटू दे, मग जातो."

ती फुटायची, की हा ओढ्यातून दुसरी आणायचा. पावसाळाभर हेच... बातमी आणणारा सांगत होता, डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. असा राग आला, पण आता भांडायचं कुणाशी?

त्या सकाळी ताटली हातातच राहिली. निरोप्या गेला. रडू येईना, म्हणून भिंग घेऊन बसले. कितीतरी वेळ काही नाही... मग एक काळा दाणा हलला. तिळातिळानं सरकत सबंध फिरून आला. "नागा, फिरायलंय रे," मी मोठ्यानं म्हटलं. घरात कुणी नव्हतं.

पिलं ओढ्यात सोडली. रिकामी ताटली अजून खिडकीतच आहे. डाळ निवडायला सून ती मागते. मी म्हणते, जरा थांब की.