टॅबमधलं फिरतं चिन्ह

आमच्या बुऱ्हाणपुरात मराठी माणसांची तीन मंडळं होती. एक लोधीपुऱ्यातल्या वाचनालयाचं, एक राजघाटाकडच्या जुन्या घरांचं आणि एक डोईफोडियासारख्या गावांतून शहरात येऊन स्थिरावलेल्या केळीवाल्यांचं. तिघांचे गणपती वेगळे, हळदीकुंकू वेगळं, आणि एकमेकांकडे जेवायला गेलं तरी नावं ठेवत परत यायचं. ही तिन्ही एक करायची हा ध्यास माझ्या वडिलांचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरं काही केलंच नाही. घरोघर ब्रॉडबँड येऊ लागलं त्या सुमारास त्यांना यश आलं आणि एकत्र मंडळाच्या वेबसाइटचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण संगणकाचं शिकलेली घरात मीच होते.

वेबसाइट सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत वडिलांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. बोलणं हळूहळू परत आलं, पण वाचताना नजर ओळीवर टिकेना. डाव्या हाताचं बोट पडद्यावर ओळीखाली धरून ते एकेक शब्द वाचू लागले. वेबसाइटवर मी एक पत्रपेटी ठेवली होती. इंदूरला, पुण्याला, नाशिकला गेलेली इथली माणसं तिच्यात लिहायची, गावाकडची चौकशी करायची. त्यांना उत्तरं देण्याचं काम वडिलांनी मागून घेतलं. एका पत्रात अर्धी सकाळ जायची. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ते हटकून टाळत, पत्रं मात्र कधी टाळली नाहीत. करण्यासारखं तेवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं.

मग चिन्हाचं प्रकरण निघालं. ब्राउझरमध्ये पान उघडलं की वर टॅबवर, नावाच्या आधी, मुगाच्या दाण्याएवढं चित्र दिसतं. तिथे मी समई ठेवली होती. काही महिने कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. मग केळीवाल्यांच्या माजी अध्यक्षांच्या जावयाला ती दिसली, आणि समई ही वाचनालयाची खूण असल्याचं सगळ्यांना एकदम आठवलं. वडिलांना बाहेर पडता येत नव्हतं म्हणून बैठक आमच्याच घरी भरली.

“समई तर त्यांची आहे ना, ताई,” माजी अध्यक्ष म्हणाले. “आमचा केळीचा घड कुठंय? आमचे लोक पूछतात.”

राजघाटवाल्यांना तापीची लाट हवी होती. मुगाच्या दाण्यावर तीन चित्रं काढली तर नुसता डाग दिसेल, असं मी सांगितलं. त्यावर जावई म्हणाला, “मग घुमतं ठेवा. एक जाईल, दुसरं येईल. झगडाच खतम.”

मी नको म्हटलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात सतत काहीतरी हलत राहिलं तर चांगल्या माणसाचंही लक्ष उडतं, असं समजावलं. कोणी ऐकेना, तेव्हा स्पष्टच बोलले, “या घरात एका माणसाला ओळ धरून ठेवायला किती कष्ट पडतात ते तुम्ही बघताय.”

राजघाटचे एक काका घसा खाकरून म्हणाले, “सरांना तकलीफ होत असेल तर राहू द्या. सर, तुम्हीच सांगा.” सर काय सांगणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वडिलांनी डावा हात वर केला. “फिरू द्या,” ते म्हणाले. “ठराव लिहा. सर्वानुमते.”

टाळ्या वाजल्या. मी आत जाऊन चहा टाकला आणि कपबशा जरा जास्तच आपटल्या.

चिन्ह फिरू लागलं. समई, लाट, घड, पुन्हा समई. वडील ओळीखाली बोट धरत, वर चित्र बदले, नजर तिकडे उडे आणि खाली येईपर्यंत ओळ हरवलेली असे. पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, “बाबा, आपल्या एवढ्या संगणकावर बंद करते. कोणाला कळणार आहे?”

“मला कळेल ना.”

पान पडदाभर करून दिलं, तर एका हाताने त्यातून बाहेर येणं जमेना. पत्रं छापून देते म्हटलं, वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, “पत्र मला आलंय.” शेवटी त्यांनी स्वतःच औषधाच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी काढून टॅबवर तिरकी चिकटवली. पट्टीतूनही उजेड बदलताना दिसायचा. दिवाळीला फराळाला आलेला जावई पट्टीकडे न बघताच म्हणाला, “सर, कसं मस्त घुमतं, नाही?” वडील हसले. मला दोघांचाही संताप आला.

हिवाळा सरता सरता त्यांनी पत्रं सोडली. संगणकासमोरची खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि दिवसभर रस्ता बघत बसू लागले. पुण्याच्या एका गृहस्थांनी पत्रपेटीत विचारलं होतं, ‘बऱ्याच दिवसांत सरांचं उत्तर नाही. सर आहेत ना?’ ते पत्र वडिलांनी दोनदा वाचायला घेतलं आणि दोन्ही वेळा ‘बऱ्याच दिवसांत’ यापुढे त्यांना जाता आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. शोकसभेत तिन्ही बाजूंनी भाषणं झाली आणि फिरत्या चिन्हाला एकीचं प्रतीक म्हणण्यात आलं. त्यानंतर आलेल्या गणपतीतच मूर्ती कोणाच्या चौकात बसवायची यावरून मंडळ फुटलं. पुन्हा तीनच झाली. वेबसाइट केळीवाल्यांनी ठेवून घेतली. मी पासवर्ड देऊन टाकला आणि बरेच महिने तिकडे फिरकले नाही.

संगणक भंगारात द्यायच्या दिवशी मी तो शेवटचा सुरू केला आणि वेबसाइट उघडली. पट्टी सोलून काढली. तिच्याखाली केळीचा घड होता, एकटा, जागच्या जागी. केळीवाल्यांनी दुसऱ्यांची चित्रं काढून टाकल्यावर फिरवायला काही उरलंच नव्हतं. वडिलांनी तोंडाने कधी मागितलं नाही ते या लोकांनी भांडून करून ठेवलं होतं. खाली पत्रपेटीत पुण्याचं पत्र तसंच होतं. मी ओळीखाली बोट धरलं आणि एका दमात शेवटपर्यंत वाचून काढलं.